कोठीला चार झरोके

कोंबडीलाही छाती असते आणि त्या छातीत सारखा वारा जावा लागतो, ही गोष्ट कुंभारी रस्त्यावरच्या त्या कॉलनीत उत्कर्षाखेरीज कुणाच्या मनात कधी आली नव्हती. बाकीच्यांच्या लेखी कोंबडीची छाती हा निव्वळ रविवारचा विषय होता.

उत्कर्षाचं तसं नव्हतं. एक तर ती प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि बी.एस्सी. झालेल्या बाईला पुढं नोकरी मिळाली नाही की तिचं सगळं शास्त्र घरातल्या माणसांवर येऊन पडतं. दुसरं म्हणजे तिच्या पाच वर्षांच्या संस्कृतीला बाळदमा होता. पोरीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाताना जिनं पाहिल्यात, ती बाई पुढं कुणाच्याच श्वासाकडं सहज म्हणून बघू शकत नाही. टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई वाक्याच्या मधे जरा थांबली, तरी उत्कर्षाचा हात टेबलावरच्या पंपाकडं जायचा.

डॉक्टर फक्त "धुळीपासून जपा" एवढंच म्हणाले होते. सोलापुरात, तेही उन्हाळ्यात, धुळीपासून जपायचं म्हणजे विहिरीत उभं राहून ओलीपासून जपायचं. पण उत्कर्षानं ते मनावर घेतलं. संस्कृतीच्या खोलीची मागची खिडकी तिनं लावून टाकली आणि फटीफटींवर खाकी चिकटपट्टी अशी काही चिकटवली की खोलीचं पार्सल करून कुठं पाठवायचंय की काय, असं बघणाऱ्याला वाटावं. पोरगी त्या काचेला नाक लावून मागचं अंगण बघत बसायची. अंगणात बघण्यासारखं काय होतं? एक कडुनिंब, दोरीवरची धुणी, आणि पाण्याचा दिवस चुकला तर उपयोगी पडावीत म्हणून भरून ठेवलेली निळी पिंपं.

अशात बार्शीकडच्या खेड्यातून सासूबाई, म्हणजे बजाबाई, एसटीनं आल्या. येताना टोपलीत तीन गावरान कोंबड्या घेऊन आल्या.

"आगं, पोरगी पार काडीवानी झालीया," त्या उंबऱ्यातच म्हणाल्या. "औषिदं पाजून पाजून आतडी सुकली लेकराची. रोज ताजं अंडं घाल तिला."

"आत्या, पिसांनी छाती भरते तिची."

"मग पिसं नगो घालू. अंडं घाल की!"

संस्कृतीनं काचेमागूनच तिघींची नावं ठेवली. एक भुरी, एक बिस्कीट. तिसरी मान मागं-पुढं करत, पाठीमागं हात बांधून वर्गात फिरावं तशी फिरायची, तिचं नाव टीचर. टीचर एकदा खिडकीखाली आली, मान वाकडी करून काचेकडं बघत राहिली, आणि पोरगी खदखदून हसली. किती दिवसांनी! हसून खोकला आला नाही, हे त्याहून नवल. तेव्हाच उत्कर्षानं मनाशी ठरवलं, या तिघींना काही होऊ द्यायचं नाही. आता, तिनं असं ज्या ज्या गोष्टीबद्दल ठरवलं होतं, त्या त्या गोष्टीचे पुढं हाल झाले होते, हा भाग वेगळा.

"डालग्याखाली झाकून ठेव," असं बजाबाईंचं म्हणणं. पण डालगं उचलून मुंगूस शिरतं, हे उत्कर्षाला माहीत होतं. खुराडं पाहिजे. नुसतं खुराडं नव्हे, तर हवा खेळती पाहिजे. खालून गार हवा आत, वरून तापलेली बाहेर. नाहीतर विष्ठेचा वायू साठतो, डोळे चुरचुरतात, छाती भरते. हे सगळं तिनं नवऱ्याला रात्रीच्या जेवणात समजावून सांगितलं. नवरा, शिवराज, एका शाळेत क्लार्क होता. त्याच्याकडं जगातल्या कुठल्याही प्रश्नाला "बघू" एवढं एकच उत्तर असे. तो म्हणाला, "बघू." त्याच्या शेजारी बसलेली संस्कृती मात्र घास तोंडात धरून ऐकत होती.

"वारा नसला की टीचरची पण छाती भरते?"

"भरते."

"मग तिला पंप?"

"कोंबडीला पंप नसतो. वाराच लागतो. जेव आता."

खुराडं करायला मायाप्पाला सांगितलं. कोपऱ्यावर त्याचं पत्र्याच्या कामाचं दुकान. हयात ज्वारीच्या कोठ्या करण्यात गेलेली; मायाप्पाच्या कोठीतल्या ज्वारीला किडा लागला, असं दाखवून द्यायला अजून कुणी जन्मला नव्हता.

"अशी करून देतो ताई, मुंगी शिरायची न्हाय."

"अहो, मुंगी शिरली तरी चालेल. वारा शिरला पाहिजे."

"वारा शिरला की किडा पडतोय."

"कशाला?"

"ज्वारीला."

"यात ज्वारी नाही मायाप्पा, कोंबड्या आहेत."

"व्हय व्हय. ध्येनात हाय की."

त्याच्या ध्यानात होतं, पण त्याच्या हाताच्या नव्हतं. माणूस चार दिवस काहीही लक्षात ठेवू शकतो. हात मात्र जन्मभर जे करत आलेत तेच करतात. टेम्पोतून जे उतरलं ती चकचकीत, कंबरेएवढी उंच, चारी बाजूंनी डाग मारून बंद केलेली कोठीच होती. फरक इतकाच की पुढं एक दार आणि दाराला बाहेरून कडी. खाली ज्वारी काढायची सरकती फळीसुद्धा होती. "अंडी काढाया व्हईल की," मायाप्पा म्हणाला. वारा कुठून जाणार, विचारल्यावर त्यानं डोकं खाजवलं. "भोकं पाडून देतो. गोल पायजेत का चवकोनी? गोल तर माप द्या."

उत्कर्षानं स्वयंपाकघरातून रुखवतातल्या डब्याचं झाकण आणून दिलं. सगळे डबे एकाच मापाचे, आणि प्रत्येक झाकणावर तिच्या टापटिपीच्या अक्षरात चिठ्ठी. मायाप्पानं 'शेंगदाणे' पत्र्यावर ठेवून खिळ्यानं गोल ओढला आणि चार झरोके कापले. दोन खाली, दोन वर. आतून जाळी ठोकली. शास्त्राप्रमाणं सगळं झालं. फक्त शास्त्रानं सोलापूरचं ऊन धरलं नव्हतं. अकराच्या सुमाराला पत्र्याला हात लावला की कातडी सोडून घ्यावी लागायची.

मग सल्ले सुरू झाले. डावीकडच्या चंद्रव्वा मूळच्या अक्कलकोटकडच्या. त्यांनी झरोके पाहून कपाळाला हात लावला. "अय्यो, चार भोकं! बाळंतिणीच्या खोलीला भोकं पाडतंय काय कोण? अंड्यावरच्या जीवाला गाळी, वारं लागलं की संपलं की वं!" आणि रोज संध्याकाळी त्या भिंतीवरून हात लांबवून खुराड्यावर एक जुनी चादर टाकू लागल्या. सकाळी उत्कर्षा ती घडी करून परत द्यायची. संध्याकाळी चादर पुन्हा हजर. दोघींत एका शब्दाची बाचाबाची झाली नाही. सोलापुरी चादर फाटत नाही, म्हणून ते भांडणही फाटलं नाही.

उजवीकडं चिंतामणी काका. बांधकाम खात्यातून निवृत्त. निवृत्त झाले ते खात्यातून, बांधकामातून नव्हे. "सूनबाई, पश्चिमेचा झरोका चुकला," ते गच्चीवरून म्हणाले. "पश्चिमेचा वारा आत घेतलास, तो बाहेर कुठं काढणार? माझ्याकडं? मला विचारायचंस तरी."

विचारलं नाही, हे त्यांना लागलं होतं. झरोका हे निमित्त.

रोज सकाळी उत्कर्षा दार उघडून आपलं डोकं खुराड्यात घालायची आणि श्वास ओढायची. डोळे चुरचुरले तर वायू साठलाय. बी.एस्सी.च्या प्रयोगवहीत बसेल असा हा प्रयोग होता, फक्त त्यातली काचनळी ती स्वतः होती. संस्कृती काचेमागून हे बघायची आणि आई डोकं बाहेर काढून खोकली की तीही गंभीर चेहऱ्यानं खोकायची.

डोळे चुरचुरतच राहिले. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा शिवराजनं "बघू" म्हणून खरोखर बघितलं. त्यानं स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट पंखा काढला आणि काकांच्या बाजूच्या वरच्या झरोक्यापाशी बसवला. पंखा लागला. खुराड्यातला कोंदट वास, भुसा आणि कोंबड्यांच्या मनातला असेल नसेल तेवढा राग एका झोतानं बाहेर पडला. समोर गच्चीवर चिंतामणी काका डोळे मिटून अनुलोम-विलोम करत होते. डाव्या नाकपुडीनं त्यांनी जो दीर्घ श्वास घेतला, त्यात भुरीचं एक पीस होतं.

त्या आठवड्यात महापालिकेच्या ऑफिसचा माणूस आला. कॉलनी हद्दवाढ भागातली. म्हणजे कर द्यायला शहरात, आणि नळाला पाणी यायला अजून खेड्यात. पण तक्रार मात्र वेळेवर पोचते. साहेबांनी खुराड्याला एक फेरी मारली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे बांधकाम आहे."

"साहेब, खुराडं आहे."

"विटांच्या पायावर आहे. छप्पर आहे. दार आहे. झरोके आहेत. झरोके असले म्हणजे वायुवीजन आलं, वायुवीजन आलं म्हणजे बांधकाम आलं. परवानगी पाहिजे. आठवड्यानं तपासणीला येईन, नसली तर उचलून नेणार."

"आणि झरोके नसते तर?"

साहेब विचारात पडले. माणूस वाईट नव्हता; नियमात वाट असेल तर दाखवायची त्याची तयारी होती. "झरोके नसते तर ही ज्वारीची कोठी. कोठीला परवानगी लागत नाही."

"पण झरोके बुजवले तर कोंबड्या मरतील."

"तो पशुसंवर्धनचा विषय झाला, मॅडम."

उत्कर्षा जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या माणसानं विचारलं, "कोंबड्या आजारी आहेत?" नाहीत. "मेल्या आहेत?" नाहीत. "मग आमच्याकडं काय काम? काही झाल्यावर या." ती रिक्षानं परत आली, आणि वाटभर तिला आपलाच राग येत राहिला, की आपण एवढ्या शिकलेल्या, आणि आपल्याकडं दाखवायला एक मेलेली कोंबडीसुद्धा नाही.

युक्ती बजाबाईंनी सांगितली. "आगं, झाकणाच्या मापानं भोकं पाडलीस न्हवं? मग झाकणं लाव की. सायब आला की लावायची, गेला की काढायची. ज्वारीच्या कोठीत कोंबडी हाय का बोका हाय, त्याला काय दिसतंय?"

उत्कर्षाला ते पटलं. न पटून सांगते कुणाला! खुराडं उचलून नेलं तर टीचर, भुरी आणि बिस्कीट कुठं जाणार, आणि काचेमागची पोरगी कुणाकडं बघून हसणार? तपासणीच्या दिवशी तिनं पंखा काढला, 'शेंगदाणे', 'साखर', 'रवा' आणि 'पीठ' ही चार झाकणं हाताशी ठेवली आणि साहेबांची वाट बघत बसली. साहेब सकाळी येणार होते. सकाळ गेली. ऊन डोक्यावर आलं. लाइट गेली. संस्कृतीला औषध देऊन खोलीत निजवलं होतं. खोलीतला पंखा थांबला, पण पोरगी झोपेतच असेल, उठवायला नको, म्हणून उत्कर्षा दार ओढून तशीच बाहेर आली.

गल्लीच्या टोकाला गाडी दिसली, तशी तिनं धावत जाऊन चारी झाकणं दाबून बसवली. दार उघडून भांड्यात पाणी ओतलं. तोवर पुढच्या दारातून हाक आली, "कोण आहे का घरात?" ती भांडं तिथंच टाकून पुढं धावली. साहेबांना बसा म्हणाली, पाणी दिलं, साहेब ते सावकाश प्यायले. मग तिला आठवलं, खुराड्याचं दार उघडंच. "मी झालेच," म्हणून ती मागं पळाली, आत न बघता दार लोटलं, कडी घातली आणि पदरानं तोंड पुसून उभी राहिली. साहेब आले. भिंतीवरून चिंतामणी काका साक्षीला उगवलेच होते.

साहेबांनी पट्टी लावली. लांबी बघितली, रुंदी बघितली. पत्र्यावर पेनानं टकटक केलं. आतून जरा फडफड झाली. उत्कर्षा म्हणाली, "उंदीर असेल, साहेब. ज्वारीला येतात."

"हे 'शेंगदाणे' काय आहे?"

"झाकण आहे."

"ते दिसतंय. शेंगदाणे का लिहिलंय?"

"शेंगदाण्याच्या डब्याचं आहे."

"आणि शेंगदाणे?"

"उघडेच आहेत, साहेब."

काका भिंतीवरून म्हणाले, "हे तात्पुरतं आहे हो! तुमची गाडी वळली की काढतील."

"कायमचं की तात्पुरतं, तो भाग आम्ही बघत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "या क्षणाला झरोका नाही. बंदिस्त आहे. कोठी आहे." त्यांनी पेन उघडलं, आणि मोठ्यानं उच्चारत लिहायला लागले, "धान्याची कोठी. पूर्णपणे बंदिस्त. आक्षेप..."

तेव्हा कोठी खोकली.

आधी कोरडा ठसका, मग दुसरा, आणि शेवटाला एक बारीक शिट्टी. उत्कर्षानं हा खोकला जत्रेच्या गर्दीत ओळखला असता.

ती काय ओरडली, ते कुणालाच नीट कळलं नाही. कडीला हात घातला तर पत्रा तापून कडी फुगलेली, निघेना. तिनं 'रवा' ओढून फेकला, 'साखर' ओढली, 'शेंगदाणे' चिंतामणी काकांच्या कपाळाला लागून पडलं, आणि गुडघ्यांमुळं देवळाची पायरी न चढणारे काका भिंतीवरून उडी मारून अलीकडं आले. साहेबांनी लिहिता कागद खाली टाकला आणि पट्टी कडीत घालून उचकटली. दार उघडलं. आतून जी वाफ आली ती भट्टीची होती.

संस्कृती कोपऱ्यात उकिडवी बसली होती. लाल, घामानं निथळलेली, केसात भुसा. भुरी आणि बिस्कीट चोच वासून तिच्या पायाशी धापा टाकत होत्या. मांडीवर टीचर होती. टीचरची मान नेहमी मागं-पुढं व्हायची. आता ती एका बाजूला पडली होती.

"मी फुंकत होते," पोरगी शिट्टीच्या मधून म्हणाली. "तू झाकणं लावलीस ना. वारा नव्हता तिला. मी नाकात फुंकत होते."

काचेमागून तिनं सगळं पाहिलं होतं, आणि ऐकलेलं सगळं तिच्या लक्षात होतं. आई पुढं साहेबांना पाणी देत होती, तेव्हा ती मागच्या दारानं आत शिरली होती. आणि कडी आईनंच घातली होती.

उत्कर्षानं तिला उचललं आणि सवयीनं खोलीकडं धावली. दार ढकललं. खोलीतून गरम, कोंदट झोत तिच्या तोंडावर आला. लाइट नाही, पंखा बंद, खिडकीला पट्टी. ती उंबऱ्यातच थबकली. हा झोत तिनं आत्ताच, दहा पावलांवर, अंगावर घेतला होता. ती वळली, टेबलावरचा पंप उचलला, आणि परत अंगणात आली. कडुनिंबाखाली बसून, पोरीला मांडीवर टेकवून, तोंडाशी पंप धरला. चंद्रव्वांनी ओली चादर आणून पोरीच्या पायावर घातली. बजाबाई पदरानं वारा घालत होत्या आणि आपल्याच तोंडात मारून घेत होत्या. "माझ्या जिभंला हाड न्हाय. झाकणं लाव म्हनाले मी, झाकणं लाव म्हनाले." सगळीकडं धूळ उडत होती, आणि त्या धुळीत पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या हळूहळू थांबल्या. शिट्टी बारीक झाली. मग गेली.

बऱ्याच वेळानं साहेब खाकरले. कागद त्यांनी उचलून घेतला होता.

"मॅडम, काय लिहू?"

चिंतामणी काका कपाळ चोळत म्हणाले, "मी तक्रार मागं घेतो. लिहा, तक्रार मागं घेतली."

"तक्रार नसली तर मी आलोच नाही," साहेब म्हणाले, कागदाची घडी करून खिशात घातली, आणि जाताना वाकून 'पीठ' हे शेवटचं झाकण स्वतः काढून विटांवर ठेवून गेले.

टीचरला शिवराजनं कडुनिंबाखाली पुरलं. शेजारच्या गल्लीतून कुणीतरी "कापायची होती की" म्हणालं, त्यावर तो "बघू" म्हणाला नाही. फावडं घेऊन नुसतं बघितलं.

संध्याकाळी बजाबाई चहाला साखर काढायला गेल्या. "आगं, डबं समदे उघडेच की! झाकणं कुटं टाकलीस? साखरंला मुंग्या लागल्यात."

"लागू द्यात, आत्या."

उत्कर्षा स्वयंपाकघरातली सुरी घेऊन पोरीच्या खोलीत खिडकीची पट्टी खरवडत बसली होती. सोलापूरच्या उन्हात पट्टीचा डिंक आटून काचेशी एकजीव झाला होता. निघता निघत नव्हता. नखं गेली, सुरीचं टोक वाकलं. शेवटी तिनं खांद्यानं धक्का दिला, आणि खिडकी करकरत उघडली. मागच्या पलंगावर संस्कृती झोपली होती. तिच्या छातीवर एक हात ठेवून उत्कर्षा दुसऱ्या हातानं चौकट धरून उभी राहिली.

बाहेरून वारा आला. वाऱ्याबरोबर धूळ आली, भुसा आला, भुरीचं एक पीस आलं आणि चादरीवर टेकलं. उत्कर्षाचा हात खिडकीच्या कडीपर्यंत गेला. तिथं बराच वेळ राहिला. छातीवरच्या हाताखाली श्वास खाली-वर होत होता.

खिडकी तिनं लावली नाही.